पाहुणीच्या बटाट्यांना कोंब

आमच्या गोदामात दोन गोष्टी कुणी मागवत नाही तरी साठत जातात. एक रिकामे क्रेट आणि दुसरे किस्से. क्रेट निदान महिन्यातून एकदा भंगारवाला उचलून नेतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही. चहाला चार माणसं जमली की कुणीतरी वरचा एक ओढतं आणि खालचे दहा घरंगळत बाहेर येतात.

आमचा धंदा जहाजांना माल पुरवण्याचा. पीठ, मीठ, अंडी, भाजी, साबण, जे संपलं असेल ते. गोदाम शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. मालक परुळेकर सर, वेंगुर्ल्याचे. माल निवडणं आणि बांधणं आंतोन अंकलकडे, ते वसईचे. गाडी रत्नागिरीच्या युसुफभाईंकडे. आणि गेटपासपासून बिलापर्यंतचे सगळे कागद माझ्याकडे. मी वैजयंती, सांगलीची. इथे सगळे वैजू म्हणतात, फक्त अंकल 'बाय' म्हणतात.

आणि आमची पाचवी म्हणजे पाहुणी! ही फ्रेंचांची अणुपाणबुडी. तेरा वर्षांत आठ वेळा आली. आमच्या कागदावर तिचं नाव कधी आलं नाही, नुसतं 'वेसल' एवढंच. न कळवता येते, तीन दिवस राहते, कोठार रिकामं करून जाते, म्हणून परुळेकर सरांनी तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली. किनारा पूर्वेचा, खोर फक्कानच्या बाजूचा. नेमका धक्का सांगत नाही. मला कुणी बजावलेलं नाही, पण इतक्या वर्षांची सवय आहे.

पाहुणीनं कुठल्या समुद्रात काय पराक्रम गाजवले ते तिच्या सरकारला माहीत. आमच्याकडे तिची जी हकीकत आहे ती कांद्या-बटाट्यांची आहे. त्यातही बटाट्याची जास्त, कारण त्या बटाट्यापायी अंकलचं नाव पणाला लागलं होतं.

*

पहिल्याच खेपेला आम्ही तोंडघशी पडलो. नेहमीच्या जहाजाला भरतो तसा माल भरला होता, मोठमोठे खोके, एकावर एक, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं. युसुफभाई धक्क्यावर पोचले तर समोर बोट, आणि बोटीच्या पाठीवर एक गोल भोक! शटर नाही, क्रेन नाही. जे काही आत जाणार ते त्या भोकातून, माणसांच्या रांगेनं, हातोहात.

आमचा एकही खोका जाईना. ऑगस्टचं ऊन. युसुफभाई आणि दहा फ्रेंच खलाशी धक्क्यावर फतकल मारून दुपारपर्यंत खोके फोडत बसले.

परत आल्यावर युसुफभाई म्हणाले, "अंकल, त्यांचं दार आपल्या बिर्याणीच्या डेगच्या तोंडाएवढं आहे!"

अंकलनी दुसऱ्या दिवशी त्या मापाचं लोखंडी कडं वेल्डिंग करून आणलं आणि गोदामाच्या दारात साखळीनं टांगलं. दोन फुटांहून जरासं मोठं. नियम एकच. पाहुणीच्या मालातली प्रत्येक वस्तू आधी कड्यातून जाणार, मग गाडीत. हळूहळू अंकलना सवयच लागली. कुठलाही माल येवो, कुणाचाही असो, कड्यातून घालून बघायचा.

पुढे मी ऑफिससाठी एक मोठा फोटोकॉपीअर मागवला. आठवडा झाला तरी पत्ता नाही. दुकानदाराला फोन लावून चांगलं झापलं.

"मॅडम, हम लेके आए थे," तो म्हणाला. "आपके उधर एक अंकल है. उसने रिंग में डालके देखा, बोला नहीं जाएगा, वापस ले जाओ."

मी तडक अंकलकडे गेले. ते शांतपणे लसूण निवडत होते.

"नाही गेला ना बाय," ते म्हणाले. "मी आडवा करून पण बघितला."

*

कड्यामागून रिबनी आल्या.

पाणबुडीत जागा कमी आणि माल भरायची घाई. चिठ्ठ्या वाचत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून अंकलनी रंग ठरवले. निळी रिबन म्हणजे फ्रीझरमध्ये, हिरवी म्हणजे नुसतं गार ठेवा, लाल म्हणजे थंडी नको, कोरड्या जागी ठेवा. पोती कितीही असोत, गाठ अंकलच मारणार. मी एकदा मदतीला गेले तर माझी गाठ सोडून त्यांनी पुन्हा स्वतःची मारली.

बोट गेल्यावर तिच्या इथल्या एजंटमार्फत अभिप्रायाचा कागद येतो. त्यात वेळ, वजन, पॅकिंग, ताजेपणा असे रकाने असतात. रिबनीनंतरच्या पहिल्याच कागदावर पॅकिंगपुढे लिहिलं होतं, 'उत्कृष्ट. विशेषतः रिबनी.' अंकलनी तो कागद लॅमिनेट करून कड्याच्या शेजारी लावला.

पण त्याच कागदावर, सगळ्यात खाली, आणखी एक ओळ होती. 'बटाट्यांना तिसऱ्या आठवड्यात कोंब आले.' लॅमिनेट करताना तीही आत गेली आणि कायमची भिंतीवर लागली.

त्याच सुमारास माझ्या ईराला शाळेत पाणबुडीवर प्रोजेक्ट होता. शनिवारी मी तिला गोदामात घेऊन आले होते. ती वहीत बघत मला सांगत होती, "इट मेक्स इट्स ओन वॉटर, आई. इट मेक्स इट्स ओन एअर. इट डझन्ट नीड फ्युएल फॉर इयर्स."

"हो गं."

"देन व्हाय डझ इट कम टू यू?"

खरंच की! एवढी अणुशक्तीची बोट, तिला आमची काय गरज? पलीकडून गाठ मारता मारता अंकल म्हणाले, "बटाटे संपतात म्हणून."

ईरानं प्रोजेक्टचं शेवटचं वाक्य तेच लिहिलं. टीचरनं त्याला स्टार दिला.

*

पाणबुडीत कचरा टाकायला जागा नसते, त्यामुळे पुठ्ठा, थर्माकोल, प्लास्टिक शक्य तितकं बाहेरच ठेवावं लागतं. म्हणजे अंडी खोक्यांतून काढून धुता येतील अशा ट्रेमध्ये लावायची. दोन-तीन हजार अंडी, एकेक करून.

एकदा नेमकं परुळेकर सरांच्या पुतणीच्या साखरपुड्याच्या दिवशीच पाहुणीची ऑर्डर आली. उद्या सकाळी माल हवा! हॉल बर दुबईत, अंडी शारजात, आणि मधल्या रस्त्यावर नेहमीचा जाम. सरांनी एक क्षण विचार केला.

"युसुफ, अंडी हॉलवर आण."

अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटले, आणि लगेच टेबलं साफ करून अंडी मांडली. पैठणी नेसलेल्या बायका, सुटातले काका, नवरानवरी, सगळे ओळीनं बसून अंडी ट्रेमध्ये लावताहेत. अंकल मधून फिरत ओरडत होते, "टोक खाली! बारीक टोक खाली!"

माझा जीव वेगळ्याच गोष्टीनं वरखाली होत होता. मुलाकडचे लोक कट्टर शाकाहारी. घरात अंड्याचा केकसुद्धा आणत नाहीत. मी भीत भीत मुलाच्या आईकडे बघितलं. त्यांनी बांगड्या वर सारल्या होत्या आणि त्यांचा चौथा ट्रे भरत आला होता.

"काकू, तुम्ही राहू द्या ना," मी म्हटलं.

"अहो, आम्ही खात नाही," त्या म्हणाल्या. "लावायला काय हरकत आहे?"

एकही अंडं फुटलं नाही. लग्नही छान झालं.

*

गणपतीचा किस्सा मी सांगितला की परुळेकर वहिनी अजून उठून आत जातात.

चतुर्थीलाच पाहुणी आली होती. सरांच्या बर दुबईच्या घरी आरतीला पन्नास माणसं. उकडीचे मोदक शारजातल्या एका बाईंना सांगितलेले. त्यांनी सकाळी पांढऱ्या खोक्यात भरून गोदामात आणून दिले. अंकलना काळजी, की कुणीतरी चुकून खोका कोल्ड रूममध्ये ठेवेल आणि मोदक कडक होतील. म्हणून त्यांनी त्याला लाल रिबन बांधली. शेजारीच पाहुणीचा लसूण होता. तोही पांढऱ्या खोक्यात, त्यालाही लाल रिबन. एक खोका सरांच्या गाडीत गेला, एक युसुफभाईंच्या.

संध्याकाळी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. वहिनींनी नैवेद्यासाठी खोका उघडला. आत लसूण! ज्या नैवेद्यात लसणाचा वास चालत नाही तिथे दहा किलो लसूण!

गावाहून आलेल्या सरांच्या आई एवढंच म्हणाल्या, "बाळा, तुजो धंदो बरो चलता मां?"

सरांनी गॅलरीत जाऊन युसुफभाईंना फोन केला. "खोका परत आण!"

"सायब, खलास. माल आत गेला, दार बंद झालं."

मग सरांनी अंकलना फोनवरच फैलावर घेतलं. "मेल्या, मोदक आणि लसूण, दोघांना एकच रिबन कशाला बांधलीस?"

"दोघांना थंडी नको म्हणून!" अंकलही तापले. "लाल म्हणजे थंडी नको. माझी रिबन बरोबर आहे. खोका उघडून बघायचं काम माझं नाही!"

त्या वर्षी बाप्पाला साखरेचा नैवेद्य दाखवला. आणि दीड महिन्यानं अभिप्रायाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'या वेळचा लसूण गोड होता आणि त्यात नारळ होता. कोंबडीला चालला नाही. कृपया आणखी पाठवा.'

आणि खाली नेहमीची ओळ. 'बटाट्यांना कोंब.'

*

आता त्या ओळीचं सांगते.

पाहुणीवरचे स्वयंपाकी तीनदा बदलले. अक्षर बदललं, शाई बदलली, ओळ तीच राहिली. परुळेकर सर म्हणायचे, "जाऊ दे हो अंकल! बटाट्याला कोंब येणारच. तो काय दगड आहे?" आम्हीही चिडवायचो. कुणाला जांभई आली तरी आम्ही म्हणायचो, अंकलच्या बटाट्याला कोंब आला!

पण अंकलना ते लागत होतं. त्यांच्या वडिलांची वसईला वाडी होती, भाजी आणि केळी. टोपलीतलं एक वांगं किडकं निघालं तर वडील गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बदलून यायचे. "भाजी सडली तर फेकता येते, नाव सडलं तर काय करणार बाय?" असं अंकल मला एकदा म्हणाले, आणि तेव्हा मी चिडवणं बंद केलं.

मग त्यांनी प्रयोग सुरू केले. पाहुणीला पाठवलेल्या पोत्यातलेच पाच किलो बटाटे घरी नेले. पाणबुडीसारखा अंधार हवा म्हणून बायकोच्या, म्हणजे फिलोमिना आंटींच्या, साड्या कपाटातून बाहेर आणि बटाटे आत. पाच आठवडे झाले तरी एकही कोंब नाही! दुसऱ्या खेपेला बटाट्यांच्या शेजारी मुद्दाम कांदे ठेवले. तिसऱ्या आठवड्यात अंकल सकाळी साडेसातला गोदामात आले ते पिशवी माझ्या टेबलावर उपडी करूनच थांबले. मऊ पडलेले, कोंब फुटलेले बटाटे.

"कांदे! ते लोक कांद्याच्या शेजारी ठेवतात! माझ्या बटाट्यांचा दोष नाही!"

"अंकल, कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत हे तर माझ्या आईलाही माहीत आहे," मी म्हटलं.

"मग तुझ्या आईला पाठव पाणबुडीवर!"

मी एजंटला मेल केला. उत्तर दोन ओळींचं आलं. 'बोटीच्या आतली मांडणी गोपनीय आहे. माल पुरवठादाराच्या खुणांप्रमाणेच ठेवला जातो.' अंकलनी पहिली ओळ वाचली आणि कागद माझ्या हातात परत कोंबला.

"गोपनीय? बटाटा गोपनीय?" ते म्हणाले. "बाय, लिहून ठेव. मी एक दिवस आत जाणार आणि डोळ्यांनी बघून येणार. त्याशिवाय वसईला परत जाणार नाही."

*

तोवर आमचा माणूस म्हणजे युसुफभाई. धक्क्याचा पास फक्त त्यांच्याकडे. अंकलनी त्यांना बजावून पाठवलं, "भोकातून नीट आत बघ. कांदे कुठे, बटाटे कुठे, सगळं सांग."

युसुफभाई परत आले. आम्ही सगळे भोवती जमलो.

"काय बघितलंस?"

"काळी आहे," युसुफभाई म्हणाले.

"आणि?"

"ओली आहे."

पुढच्या खेपेला अंकलनी बटाट्याच्या प्रत्येक पोत्यात चिठ्ठी घातली, कांद्यापासून दूर ठेवा म्हणून. गेटवरच्या शिपायानं एकूण एक चिठ्ठी काढून युसुफभाईंच्या हातात दिली. "हबीबी, लिस्टमध्ये पेपर नाही. लिस्टमध्ये नाही ते आत नाही."

त्याच्या पुढच्या खेपेला अंकलनी युसुफभाईंना खुणा शिकवल्या. फ्रेंच येत नाही तर हातानं सांग! एका हातात कांदा धर, दुसऱ्या हातात बटाटा, आणि दोन्ही हात जोरात लांब कर. युसुफभाईंनी गोदामात चार वेळा तालीम केली. धक्क्यावर खलाशांसमोर उभे राहिले, कांदा-बटाटा वर धरला, जवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ, पुन्हा लांब.

"मग? कळलं त्यांना?" अंकलनी विचारलं.

"इन्शाल्ला," युसुफभाई म्हणाले. "टाळ्या तर खूप वाजवल्या."

*

गेल्या वर्षी एजंटचा मेल आला, पहिल्यांदाच दीड महिना आधी. वेसल शेवटची येत आहे. इथून मायदेशी जाईल आणि सेवेतून निवृत्त होईल.

मी मेल गोदामात मोठ्यानं वाचला. अंकलचाही व्हिसा संपत आला होता. बासष्ट पूर्ण, वसईची तिकिटं काढलेली. मला एकदम वाईट वाटलं. पाहुणी जाणार होती, आणि ती ओळ अंकलच्या नावावर तशीच राहणार होती.

परुळेकर सरांनी मला समोर बसवून विनंतीचा मेल लिहून घेतला. तेरा वर्षं माल पुरवतोय, एकदा बोट आतून बघायची आहे. उत्तर येईल अशी आशा कुणालाच नव्हती. पण आलं! कप्तानाची परवानगी, एका माणसाला, दहा मिनिटं. फक्त स्वयंपाकघर आणि कोठारापर्यंत. मोबाइल गेटवर. भोकातून स्वतःच्या बळावर चढ-उतर करता आली पाहिजे.

एका माणसाला! आणि तेरा वर्षं परुळेकर सर दुबईच्या मीना बझारपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांना सांगत आले होते, मी एकदा त्या पाणबुडीत जाणार. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"माझ्याकडे कशाला बघताय?" सर म्हणाले. "अंकलचं लिही."

आता अडचण एकच होती, अंकलचं पोट! फिलोमिना आंटींच्या हातचे तळलेले फुगे आणि वर्षानुवर्षांचं डुकराच्या मटणाचं सॉरपोटेल तिथे मुक्कामाला होतं. अंकल कड्यासमोर उभे राहिले. हात वर केले, डोकं घातलं, खांदे गेले. पोटाशी गाडी थांबली.

"जात नाही," युसुफभाई म्हणाले. "आडवे करून बघू?"

अंकलनी त्या दिवसापासून फुगे बंद केले, सॉरपोटेल बंद केलं, दुपारी काकडी आणि ताक. संध्याकाळी अल मजाझच्या तळ्याभोवती तीन फेऱ्या. आणि रोज सकाळी आठला कडं. पुढून सर ओढायचे, मागून युसुफभाई ढकलायचे, मी साखळी धरायची. एजंटचा माणूस एकदा कामासाठी आला, दारातून हे बघितलं आणि काही न विचारता परत गेला.

बाविसाव्या दिवशी अंकल कुणाच्याही मदतीशिवाय आरपार गेले. सगळं गोदाम टाळ्या वाजवत होतं. सरांनी रिबनींचा डबा पुढे केला. "कुठली बांधू अंकल? हिरवी की निळी?"

"लाल बांध," अंकल धापा टाकत म्हणाले. "मला थंडी सोसत नाही."

*

माल आदल्या दिवशीच आत गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं धक्क्यावर उभे होतो. मला आणि सरांना पहिल्यांदाच पास मिळाला होता. अंकलनी रविवारी चर्चला मिसेसाठी घालायचा पांढरा शर्ट घातला होता. मीही मीना बझारमधून घेतलेला नवा ड्रेस घातला होता, वर पिवळीधमक ओढणी. पाहुणीला निरोप द्यायचा तर नीट द्यायला नको?

युसुफभाईंनी खोटं काही सांगितलं नव्हतं. ती काळी होती आणि ओली होती. पाण्याच्या वर जेमतेम पाठ आणि मधोमध एक बुटका मनोरा. तेरा वर्षं जिचे कागद केले ती ही!

भोकाशी पाहुणीचा स्वयंपाकी लुसियाँ उभा होता. त्यानं अंकलना दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. अंकलनी घड्याळ बघितलं, क्रूसाची खूण केली, फळीवरून चालत गेले. पाय आत, कंबर आत. पोटाशी क्षणभर थांबले. आमचे तिघांचेही श्वास थांबले. मग अंकलनी श्वास सोडला आणि दिसेनासे झाले.

"गेला! अंकल गेला!" परुळेकर सरांनी युसुफभाईंना मिठीच मारली.

आम्ही वाट बघत राहिलो. सर म्हणाले, बाहेर आले की अंकलना आधी विचारायचं, ती अणूची भट्टी दिसली का. युसुफभाई म्हणाले, खलाशी झोपतात कुठे ते विचारा.

चारच मिनिटं झाली असतील. भोकातून अंकलचं डोकं वर आलं. खांदे आले. तिथेच थांबले. शर्टावर कांद्याची सालं चिकटलेली.

सर फळीपर्यंत धावले. "काय अंकल? शेजारीच ना? कांद्याच्या शेजारीच ठेवतात ना?"

"शेजारीच," अंकल म्हणाले.

"बघा! तेरा वर्षं सांगत होतात! तुमच्या बटाट्यांचा दोष नव्हताच! वैजू, लिही आता त्या एजंटला! चांगलं खरमरीत लिही!"

अंकलनी मूठ वर करून उघडली. त्यात दोन लाल रिबनी होत्या, अजून गाठीसकट.

"एकाच कपाटात," ते म्हणाले. "लाल ते सगळं एकत्र. कांदे, बटाटे, लसूण. एकदम ओळीनं लावलंय रे बिचाऱ्यांनी. तेरा वर्षं."

युसुफभाई समुद्राकडे बघायला लागले. सरांनी त्या रिबनींकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "जाऊ द्या अंकल. शेवटचीच फेरी आहे तिची. घरी पोचली की खलास. आता कोण बघतंय?"

अंकलनी घड्याळ बघितलं. मग आमच्या तिघांकडे बघितलं आणि नजर माझ्यावर थांबली.

"बाय, ती पिवळी ओढणी दे इकडे," ते म्हणाले. "अजून सहा मिनिटं आहेत माझी."